बाळंतपणाची पिशवी आठवा सरायच्या आत भरा



घरात लग्न असलं की आपण महिनाभर आधी बस्ता बांधतो. वारीला जायचं तर आठ दिवस आधी दशम्यांचा विचार सुरू होतो. बाळंतपणाची पिशवी मात्र बऱ्याच घरांत कळा सुरू झाल्यावरच भरली जाते. मग रात्री लाईट गेलेली असते, सासूबाई ट्रंक उपसत असतात, नवरा गाडीसाठी फोन लावत असतो, आणि कार्ड काही सापडत नाही. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. पहिलटकरणीला बहुतेक वेळा थोडी सवड मिळते. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा भराभर वाढतात, आणि अंगावरून रक्त जायला लागलं तर तो अर्धा तास फार महाग पडतो. म्हणून आजचा विषय आहे ही पिशवी.

कधी भरायची? आठवा लागला की सुरुवात करा आणि नववा लागायच्या आत ती तयार ठेवा. डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो, बाळ त्याच्या दोन-तीन आठवडे आधीही येऊ शकतं.

काही आज्या म्हणतात, बाळ यायच्या आधी त्याचे कपडे आणू नयेत. त्यांच्या मनातली काळजी मी समजू शकते. अशा घरात वाद घालू नका. नवीन काहीच आणायची गरज नाही. नणंदेच्या किंवा भावजयीच्या बाळाची झबली, आईची जुनी मऊ सुती साडी, एवढ्यावर भागतं. नवा बाळंतविडा नंतर येऊ द्या.

एका मोठ्या पिशवीत तीन छोट्या पिशव्या ठेवा: कागदांची, आईची आणि बाळाची. म्हणजे सोबत कोणीही गेलं तरी हात बरोबर जागी जातो.

कागदांची पिशवी

माता-बाल संरक्षण कार्ड सर्वांत वर ठेवा. बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. रात्री नवीन डॉक्टर असले तरी कार्ड पाहून त्यांना लगेच अंदाज येतो. त्यासोबत सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, असल्यास जातीचा दाखला, आणि बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

रक्तगट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आईचा गट निगेटिव्ह असेल तर पोचल्याबरोबर सिस्टरना सांगा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला, तर आईला 72 तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते चुकलं तर पुढच्या बाळाला धोका होऊ शकतो.

आता माहेरी जाणाऱ्या लेकींसाठी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. लेक सातव्यात माहेरी येते, पण कागद सासरच्या कपाटात राहतात. पुन्हा आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असंही असतं. मग योजनेचे पैसे अडकतात. नावं आताच जुळवून घ्या आणि माहेरी आल्यावर तिथल्या आशाताईंकडे नाव सांगा. बाळाची जन्मनोंद करतानाही आईचं नाव आधारप्रमाणेच लिहिलं आहे ना, ते तपासा.

आईची पिशवी

पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, परकर, आतले कपडे, टॉवेल, चादर, स्वेटर किंवा शाल, चप्पल. साबण, ब्रश, पेस्ट, कंगवा. ताट, पेला, चमचा आणि गरम पाण्याचा थर्मास. मोबाईलचा चार्जर.

मोठे सॅनिटरी पॅड दोन पाकिटं घ्या. घरचं कापड वापरायचं असेल तर ते धुऊन कडक उन्हात वाळवलेलं हवं. पॅडचा आणखी एक उपयोग आहे. किती भिजले ते मोजता येतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर “बाळंतपणात असं जातंच” म्हणून गप्प बसू नका. त्याच क्षणी सिस्टरना बोलवा.

बाळाची पिशवी

तीन-चार झबली, दोन टोपडी, पायमोजे, आठ-दहा लंगोट, दोन दुपटी आणि मऊ सुती कापडाचे चार मोठे तुकडे. सगळं धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ कापडात बांधा. चार तुकडे कशाला? बाळ ओलं जन्मतं आणि ओलं अंग लगेच गार पडतं. एका कापडाने पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडात गुंडाळून आईच्या छातीशी ठेवायचं. उरलेले दोन बदलायला. पहिल्या दिवशी आंघोळ नको.

पिशवीत काय नको

मध, गूळपाणी, घुटी, दुधाची बाटली आणि पावडरचा डबा घरीच राहू द्या. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यायचं. पहिलं पिवळसर, घट्ट चिकाचं दूध पिळून टाकू नका, त्यात रोगाशी लढायची ताकद असते. नाळेवर लावायला हळद, तेल, राख काही नको. नाळ कोरडी ठेवायची. काजळही नको. सोनं घरी ठेवा. ऑपरेशनची वेळ आली तर दागिने काढावेच लागतात, तेव्हा काळी पोत पुरे. नखांना पॉलिश लावू नका, डॉक्टरांना नखांचा रंग पाहायचा असतो.

गाडी आणि पैसा

घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: 102, 108, आशाताईंचा नंबर आणि गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबर. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. औषधं, तपासण्या, रक्त, न्यायची-आणायची गाडी यांचे पैसे लागत नाहीत. आईचं जेवणही मिळतं, साधं बाळंतपण असेल तर तीन दिवस आणि सिझेरियन असेल तर सात दिवस. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला 700 रुपये तिच्या खात्यात मिळतात. तरीही सोबतच्या माणसाचं जेवण आणि वरखर्चासाठी थोडी रोकड जवळ असू द्या. रक्त द्यायला तयार असलेली दोन माणसंही आधीच ठरवून ठेवा.

पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, झटका आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट पाहू नका. पिशवी उचला आणि निघा.

आपल्या गटाचं काम

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं याला द्या. गावात आठवा लागलेल्या बाया कोण, त्यांची नावं काढा. प्रत्येकीच्या घरी गटातल्या दोघींनी जावं आणि पिशवी उघडून पाहावी. काही कमी असेल तर एकीने झबली द्यावी, दुसरीने थर्मास. बाळंतपणासाठी लागलं तर अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी मिळेल, असा ठराव वहीत लिहून सह्या घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका. पिशवी कुठे ठेवली आहे हे त्या बाईला, तिच्या नवऱ्याला आणि शेजारणीला, तिघांनाही माहीत हवं. जिला कळा येतात तिला शोधाशोध करायला लावायची नसते.