गाव बसवण्याआधी गावाला विचारणे

आपल्या जिल्ह्यात काही गावांना दोन ठिकाणे आहेत. एक जुने गाव आणि एक नवे गाव. लोहारा तालुक्यातले सास्तूर हे त्यांपैकीच. जुन्या जागेत पडक्या भिंती, नव्या जागेत सरळ रस्ते.

हे कसे झाले, ते म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. १९९३ सालच्या सप्टेंबरची २९ तारीख ही अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे झोपली. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे गेली. घरे दगडामातीची, वर मातीचे जाड माळवद. तेच अंगावर आले.

मग सरकारने ठरवले, की पार मोडलेली ५२ गावे नव्या जागी बसवायची. जागतिक बँकेने कर्ज दिले. देणगीदार संस्था धावून आल्या. पण गाव म्हणजे काही धान्याची कणगी नव्हे, की उचलली आणि दुसरीकडे ठेवली! जागा कोणती घ्यावी? रस्ते कसे काढावे? कोणाला कोणते घर द्यावे? हे गावाला विचारून ठरवायचे, असे योजनेतच होते. गावोगाव समित्या झाल्या, ग्रामसभा भरल्या. लोकांचे म्हणणे ऐकण्याच्या कामी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची मदत घेतली होती.

घराचे माप जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५०. कागदावर हा आकडा मोठा वाटतो. पण २५० चौरस फूट म्हणजे साधारण सोळा फूट लांब आणि सोळा फूट रुंद. एवढी जागा अंगणात पावलांनी मोजून पाहा. त्यात चूल, अंथरुणे आणि धान्याची पोती मांडून पाहा. मग नकाशा कळतो.

त्या वेळी लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली होती. सिमेंटचे घर पाहिजे, शहरासारखे रुंद रस्ते पाहिजेत, असे पुष्कळांनी सांगितले. त्यात चूक काय? ज्याच्या घरची माणसे माळवदाखाली गेली, तो दुसरे काय मागणार? काही ठिकाणी तर संस्थेने नकाशा तयारच आणला आणि लोकांनी माना डोलावल्या. पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, औत कुठे ठेवायचे, हे फारसे कोणी विचारले नाही. राहायला गेल्यावर ते ध्यानात आले. घरापुढे पत्र्याची शेड उभी राहिली. गाव ऐसपैस झाले, तशी बायामाणसांची पायपीट वाढली. घरांचे वाटप मापाप्रमाणे झाले. म्हणून ज्या भावकीत एकाची जमीन जास्त, दुसऱ्याची कमी, तिथे चुलतभाऊ गावाच्या दोन टोकांना गेले. पूर्वी ओसरीवरून हाक मारली की ऐकू जायची.

ज्या गावांत घरे उभी होती पण तडकली होती, तिथे दुरुस्तीचे काम निघाले. तिथला अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले. भिंत मजबूत कशी करावी, सरकारचा हप्ता कधी मिळतो, हे त्या घरोघर जाऊन सांगत. घरातली गळती कुठे आणि ओल कुठे, हे बाईइतके कोणाला माहीत असते?

आज घरकुलांची यादी ग्रामसभेपुढे येते. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेआधी नोटीस लावतात, दवंडी देतात. त्या नोटिशीत विषय लिहिलेले असतात, ते वाचा. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असाही कायदा आहे. पुष्कळ बायकांना हे ठाऊकच नसते.

सभेला गावातल्या मतदारांपैकी शंभरात पंधरा जण किंवा एकूण १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढे लोक हजर पाहिजेत. याला गणपूर्ती म्हणतात. ती झाली नाही, तर सभा तहकूब होते. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पारावरची वीस माणसे बसली आणि त्यांनी ठरवले, तरी तो गावाचा ठराव होतो.

तुमची हरकत असेल तर ती उभे राहून सांगा आणि वहीत लिहायला लावा. नुसते तोंडी बोललेले पुढे कोणाला दाखवता येत नाही. लिहून झाल्यावर वही मागून घ्या, ती ओळ स्वतः वाचा आणि मग सही करा.