वजनाचे ऑपरेशन पुण्यात, बरे होणे घरात

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत असे ऑपरेशन करून घेतले, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. आता शिरूर-दौंडकडच्या आपल्या वस्त्यांमधूनही कोणी ना कोणी पुण्याला जाऊन हे ऑपरेशन करून येते. पण बातमीत आधी किती किलो आणि नंतर किती किलो, एवढेच असते. शुद्धीवर आल्यावर कसे वाटते, पहिला घोट कधी मिळतो, घरी आल्यावर भाकरी कधी खायची, कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे कोणी सांगत नाही. ते माहीत नसल्यामुळे घरचे लोक प्रेमापोटीच चूक करून बसतात. म्हणून या वेळी त्याविषयी.

हे ऑपरेशन नेमके काय आहे?

यात चरबी काढत नाहीत, जठराचा आकार बदलतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. ‘बायपास’ प्रकारात जठराची वरची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही ऑपरेशने बहुधा दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पाडून होतात. बाहेरचे टाके बोटभर दिसतात; आतली टाक्यांची रेघ मात्र लांब असते आणि ती भरून यायला आठवडे लागतात. पुढचे सगळे पथ्य या आतल्या रेघेसाठी आहे.

थोडे वजन वाढले म्हणून हे ऑपरेशन करत नाहीत. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. आपल्याकडचे सर्जन साधारणपणे बीएमआय ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणे असे आजार असतील तर ३२.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे वजन अनुक्रमे सुमारे ९० आणि ७८ किलो होते. हा आजारावरचा उपचार आहे. “खाऊन खाऊन फुगली, आता पैसे घालून बारीक होतेय” असे बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शुद्धीवर येताना

भूल उतरू लागते तेव्हा आधी आवाज ऐकू येतात. कोणीतरी नाव घेऊन हाक मारते, “डोळे उघडा, लांब श्वास घ्या” म्हणते. जागा अनोळखी असते, कारण पेशंटला थेट वॉर्डात न नेता आधी देखरेखीच्या खोलीत ठेवतात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला चिमटा, हाताला सलाईन, दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो. काहींना लघवीची नळी किंवा पोटाच्या बाजूला पाणी काढणारी नळी असते. पोटऱ्यांना गुंडाळलेले पट्टे आपोआप फुगतात आणि सैल होतात. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते असतात.

थंडी वाजून अंग थरथरणे, मळमळ, घसा खवखवणे, आवाज बसणे हे सगळे नेहमीचे आहे. भुलीच्या वेळी श्वासाची नळी घशातून घातलेली असते, म्हणून घसा दुखतो. काही जण उगाच रडतात, तेच तेच विचारतात. तासाभरात ते निवळते. पोट जड वाटते. अनेकांना खांदा दुखतो आणि घरचे घाबरतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात वायू भरतात, तो थोडा शिल्लक राहिला की खांद्याकडे कळ जाते. चालू लागले की दोन-तीन दिवसांत ती कमी होते.

झोपेत घोरणाऱ्या आणि श्वास अडणाऱ्या पेशंटची या वेळी जास्त काळजी घ्यावी लागते, कारण भुलीचा आणि वेदनाशामक औषधांचा अंमल असताना श्वास पुन्हा अडू शकतो. ही गोष्ट भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच सांगा. घरी श्वासाचे मशीन वापरत असाल तर ते सोबत न्या. तंबाखू, मिश्री, बिडी, दारू यांपैकी काहीही असेल तर तेही लपवू नका. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने जखम भरायला उशीर होतो.

त्याच दिवशी चालायचे

शुद्ध आल्यावर काही तासांतच नर्स उठून बसायला आणि मग चार पावले चालायला सांगते. “आज तर ऑपरेशन झालंय, पडून राहू द्या की” असे म्हणून नातेवाइकांनी अडवू नये. पडून राहिले की पायात रक्ताची गाठ होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. त्यासाठी पोटाच्या कातडीत छोटे इंजेक्शनही देतात. तीन गोळ्यांचे फुंकायचे प्लास्टिकचे खेळणे दिसते ते खेळणे नव्हे. त्यातून हवा आत ओढायची असते, म्हणजे फुप्फुसे पुरती उघडतात आणि न्यूमोनिया टळतो. खोकला आला तर पोटावर उशी दाबून खोकावे.

पहिले पाणी डॉक्टर सांगतील तेव्हाच. तेही पेल्याने प्यायचे नाही. औषधाच्या छोट्या टोपणाने सुमारे ३० मिलि, तेही पंधरा-वीस मिनिटांत घोट घोट संपवायचे. तहान खूप लागते, पण एकदम प्यायले की छातीत दाटते आणि उलटी होते. सगळे ठीक असेल तर बहुतेकांना दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

पुण्याहून घरी येताना

शिरूर पुण्यापासून सुमारे ७०, दौंड सुमारे ८० किलोमीटर. नगर रस्त्यावर वाघोली-शिक्रापूरची कोंडी लागली तर तास-दोन तास जास्त जातात. त्यामुळे मोटारसायकलवर बसून येऊ नका. गाडीतून येताना दर तासाला उतरून पाच मिनिटे चाला आणि घोट घोट पाणी चालू ठेवा. निघण्यापूर्वी तीन गोष्टी हातात घ्या: डिस्चार्ज कार्ड, रात्रीबेरात्री उचलला जाईल असा सर्जनच्या टीमचा फोन नंबर, आणि कोणते जुने औषध चालू व कोणते बंद याची लेखी यादी. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

ही यादी महत्त्वाची आहे. ऑपरेशननंतर खाणे एकदम घटते, त्यामुळे मधुमेहाची गरज काही दिवसांतच बदलते. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी जुन्याच मापाने घेतली तर साखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी जास्त होणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. आणि अंग दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेनसारखी गोळी आणू नका. नव्या जठरात, जास्त करून बायपासमध्ये, तिने अल्सर होतो.

सहा आठवड्यांचे ताट

प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो. आपल्याला दिलेला तक्ताच पाळावा. साधारण क्रम असा:

पहिला आठवडा: गाळलेले पातळ पदार्थ. पाणी, पातळ ताक, नारळपाणी, मुगाच्या डाळीचे वरचे पाणी, चरबी काढून गाळलेले अळणी.

दुसरा आठवडा: थोडे दाट पातळ. दूध, दह्याची पातळ लस्सी (साखर नको), घोटलेली डाळ, डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर.

तिसरा-चौथा आठवडा: चावावे न लागणारे. मऊ वरण, मऊ शिजवून कुस्करलेला भोपळा, मॅश केलेले अंडे, कुस्करलेले पनीर.

पाचवा-सहावा आठवडा: मऊ पदार्थ. मऊ खिचडी, काटे काढलेला मासा, उसळीचा मऊ भाग.

सहा आठवड्यांनंतर हळूहळू घरातले जेवण. भाकरी आधी वरणात भिजवून, चतकोराचाही चतकोर. मटणाचे चिवट तुकडे सर्वांत शेवटी.

नियम चार. घास बोटाच्या पेराएवढा आणि पुरता चावलेला. आधी डाळ, अंडे, मासे, मग भाकरी-भात. जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी किंवा अर्धा तास नंतर. आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबायचे. ती खूण अनेकांना छातीच्या मध्ये दाब, उचकी किंवा नाकातून पाणी अशी येते. दिवसभरात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने आणि दीड ते दोन लिटर द्रव, हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

घरच्यांची कसोटी

खरी परीक्षा इथे असते. सून दोन चमचे डाळ खाऊन उठली की सासूचा जीव तुटतो. “अगं, ऑपरेशन झालंय, अंगात काही राहिलं नाही, अर्धी भाकरी तरी खा.” भेटायला आलेली मावशी शेंगदाण्याचे लाडू आणते. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटली की “एवढीशी घे” असा आग्रह होतो. हा सगळा मायेचा भाग आहे, पण चौथ्या-पाचव्या दिवशीची अर्धी भाकरी आतल्या टाक्यांवर ताण आणते. खिरीची साखर आतड्यात वेगाने उतरली की धडधड, घाम, चक्कर, जुलाब होतात. बायपास झालेल्यांना हे जास्त. आग्रह करायचाच असेल तर पाण्याच्या घोटाचा आणि चालण्याचा करा.

तिच्या वाटचे कामही घ्या. चार ते सहा आठवडे पाण्याचा हंडा, सिलिंडर, पोते, कडेवर मूल असे वजन उचलायचे नाही. बसून करायचे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होते; शेतातली मजुरी, कंपनीत उभ्याने माल चढवणे याला सहा आठवडे धरावेत. जखमेवर हळद, तेल, कसलीही पूड लावू नका. स्वच्छ आणि कोरडी ठेवा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

शंभरात एक-दोघांच्या आतल्या टाक्यांतून गळती होते. ती रुग्णालयातच दिसेल असे नाही. घरी आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनीही होऊ शकते. सुरुवातीला ती ‘गॅस’ वाटते आणि तिथेच वेळ जातो. मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला घरातल्या एकाने शिकावे. पुढीलपैकी काहीही झाले तर सर्जनला लगेच फोन करा:

– शांत बसलेले असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर.
– १०१ अंशांच्या वर ताप, थंडी वाजणे.
– पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढणे, किंवा ओसरलेली खांदेदुखी परत येणे.
– दम लागणे, छातीत दुखणे, एकच पोटरी सुजणे किंवा दुखणे.
– पाण्याचा घोटही न टिकणे, लघवी फार कमी आणि गडद होणे.
– रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच.
– कित्येक दिवस उलट्या होऊन चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे. ही बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण असू शकते. उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते.

दम लागला, चक्कर येऊन पडले किंवा रक्त आले तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. जवळच्या दवाखान्यात आधी न्यावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना पहिले वाक्य सांगा: “जठराचे वजनाचे ऑपरेशन झाले आहे, नाकातून नळी घालण्याआधी आमच्या सर्जनशी बोला.” नव्या टाक्यांवर नळी अंदाजाने घातली तर इजा होऊ शकते.

पुढचे वर्ष आणि पुढचा जन्म

पहिल्या वर्षात बहुतेकांचे वजन पाव हिश्श्याच्या आसपास उतरते. १०० किलोचे सुमारे ७५. मध्ये काही आठवडे काटा हलत नाही, तेव्हा निराश होऊ नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि प्रथिने पुरेशी असतील तर परत येतात. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या मात्र जन्मभर. “आता बरं वाटतंय” म्हणून त्या बंद केल्या की वर्षा-दोन वर्षांत रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात. दर वर्षी रक्त तपासून घ्या.

तरुण बायांनी बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर पाळी सुरळीत होऊन दिवस लवकर राहू शकतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. दारूविषयी पंचशीलात सांगितलेले आहेच. इथे शरीरही तेच सांगते. नव्या जठरातून दारू झटकन रक्तात जाते, कमी दारूत जास्त चढते आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

शेवटचा मुद्दा पैशांचा. ऑपरेशन ठरवण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा की आपले ऑपरेशन कोणत्या योजनेत बसते का. रांजणगाव, कुरकुंभच्या कंपन्यांत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर तिथेही विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ती मागणे हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. आणि हिशेब करताना फक्त ऑपरेशनचा खर्च धरू नका. सहा आठवड्यांची बुडणारी मजुरी, पुण्याच्या फेऱ्या, जन्मभराच्या गोळ्या आणि वर्षाची रक्ततपासणी हेही त्यात लिहा. एवढे झेपणार असेल आणि घर पाठीशी असेल, तरच पुढे जा.