महिन्यातून किती दिवस पेनकिलर घेतली तर ती ‘जास्त’ होते?

डोकं ठणकायला लागलं की पर्समधली, टेबलाच्या खणातली नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली एक गोळी. चहाबरोबर घेतली, तासाभरात बरं वाटलं, विषय संपला. काही जणांचा विषय मात्र संपत नाही. आधी आठवड्यातून एकदा दुखणारं डोकं दोनदा दुखायला लागतं, मग एक दिवसाआड, आणि गोळीही तिच्यामागोमाग वाढत जाते. अशा वेळी घरातलं कुणी म्हणालंच की “तू फार गोळ्या खातेस”, तर उत्तर ठरलेलं असतं: “दिवसाला एकच तर घेते!”

हे उत्तर खोटं नसतं. पण डॉक्टर मोजतात ते दिवसाला किती गोळ्या हे नाही, तर महिन्यातले किती दिवस गोळी घेतली हे.

डोकेदुखीसाठी वारंवार गोळ्या घेतल्यानेच डोकेदुखी वाढण्याच्या प्रकाराला ‘मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक’ म्हणतात. जगातल्या साधारण १ ते २ टक्के लोकांना हा त्रास असल्याचं मानलं जातं आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. त्याची व्याख्या ‘इंटरनॅशनल हेडेक सोसायटी’ ही संस्था ठरवते. सध्याची व्याख्या २०१८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीतली आहे. तिच्यात तीन गोष्टी बघितल्या जातात: मूळची डोकेदुखी आहे का, महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं का, आणि सलग ३ महिन्यांहून जास्त काळ औषध मर्यादेपलीकडे घेतलं जातंय का.

ही मर्यादा सगळ्या गोळ्यांना सारखी नाही. नुसतं पॅरासिटामॉल (क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही सगळी त्याचीच नावं) किंवा आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अशा साध्या वेदनाशामकांसाठी ती महिन्याला १५ दिवस आहे. मायग्रेनवरची ट्रिप्टान आणि अर्गोटामीन गटातली औषधं, अफूच्या वर्गातली वेदनाशामकं आणि मिश्र गोळ्या यांच्यासाठी १० दिवस.

मिश्र गोळी कुठली, यात एक गंमत आहे. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अशी दोन औषधं असतात, पण दोन्ही साधीच वेदनाशामकं असल्यामुळे या व्याख्येत ती ‘मिश्र’ धरली जात नाही. सॅरिडॉनमध्ये दोन वेदनाशामकांबरोबर कॅफीनही असतं, म्हणून तिला १० दिवसांची मर्यादा लागू होते. आपल्याकडे मायग्रेनसाठी सर्रास मिळणाऱ्या व्हॅसोग्रेनमध्ये तर अर्गोटामीन आणि कॅफीन दोन्ही आहेत. त्यामुळे मेडिकलवाल्याकडे नुसती “डोक्याची गोळी द्या” म्हटल्यावर हातात काय येतं, यावर तुमची मर्यादा १५ आहे की १० हे ठरतं. पाकिटामागचं बारीक अक्षरातलं वाचायला हवं ते यासाठी.

आणि गोळ्या बदलून हिशोब चुकवता येत नाही. चार दिवस एका गटातली, पाच दिवस दुसऱ्या गटातली, तीन दिवस तिसरीच, असं असेल तर सगळे दिवस एकत्र धरले जातात.

<b>गोळ्या मोजणं का सोडलं?</b>

सुरुवातीला वजनच मोजलं जायचं. १९८८ सालच्या पहिल्या आवृत्तीत महिन्याला ५० ग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तेवढंच दुसरं सौम्य वेदनाशामक, अशी अट होती. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत दिवस मोजायला सुरुवात झाली, कारण त्रास वाढण्यात एका दिवसाच्या मात्रेपेक्षा वारंवारतेचा हात मोठा दिसत होता.

समजा, एकीने मायग्रेनच्या ६ दिवसांत रोज ३ याप्रमाणे महिन्यात १८ सॅरिडॉन घेतल्या. दुसरीने १२ वेगवेगळ्या दिवशी एकेकच घेतली. गोळ्या पहिलीच्या जास्त, पण मर्यादा ओलांडली दुसरीने. “एकच तर घेते” म्हणणारी नेमकी हीच.

दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक विचित्र अट होती. औषध बंद केल्यावर डोकेदुखी कमी झाली तरच निदान पक्कं व्हायचं. म्हणजे आजार होता हे तो बरा झाल्यावर कळणार! समोर बसलेल्या रुग्णाला काय सांगायचं, हा डॉक्टरांचा प्रश्न रास्तच होता. पुढे ती अट काढून टाकली.

१० आणि १५ हे आकडे प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, तज्ज्ञांच्या मतावरून ठरले आहेत आणि हे त्या व्याख्येतच मान्य केलंय. त्यामुळे ९ दिवस म्हणजे निर्धास्त आणि ११ दिवस म्हणजे आजारी, असा अर्थ काढण्यात हशील नाही. आकडा चढतोय का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

पाठदुखी किंवा सांधेदुखीसाठी रोज गोळी घेणाऱ्यांचं काय? त्यांना मुळात डोकेदुखीचा आजार नसेल तर हा त्रास सहसा होत नाही. पोट आणि किडनीवरचे परिणाम मात्र त्यांना चुकत नाहीत.

मात्रेचा हिशोब वेगळा आणि तोही महत्त्वाचाच. प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगितली जाते. ६५० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या झाल्या की तिथे पोहोचलात. यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याच्याही खूप आधी थांबावं लागतं. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, ते या हिशोबात विसरलं जातं.

<b>मोजायचं कसं?</b>

अख्ख्या देशाचा वापर मोजायला जागतिक आरोग्य संघटनेचं ‘डिफाइन्ड डेली डोस’ हे एकक आहे. पॅरासिटामॉलसाठी ते ३ ग्रॅम धरलंय. दर हजार लोकांमागे रोज असे किती डोस खपले, हे त्यातून कळतं. पण शंभर जणांनी एकेकदा घेतल्या की एकानेच शंभर वेळा, हे विक्रीच्या आकड्यातून दिसत नाही.

माणसागणिक मोजायचं तर डायरीच लागते, कारण आठवणीवर भरवसा ठेवला की घेतलेले दिवस कमीच सांगितले जातात. कालनिर्णयच्या चौकटीतही काम भागतं. डोकं दुखलं त्या दिवशी एक खूण, गोळी घेतली तर तिचं नाव. दुसऱ्या कारणासाठी घेतलेली पेनकिलरही त्यातच लिहायची. नॉर्वेत फॅमिली डॉक्टरांनी पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली विचारून, जास्त वापर होणाऱ्या रुग्णांना गोळी कमी करायला समजावलं. त्यांतल्या सुमारे निम्म्यांची जुनाट डोकेदुखी काही महिन्यांत आटोक्यात आली.

गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडाभर, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. मळमळ होते, झोप उडते. बहुतेक जण इथेच हार मानून पुन्हा गोळीकडे वळतात. म्हणून तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावं. मायग्रेन रोखणारं रोजचं औषध ते याच वेळी सुरू करू शकतात. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करूच नयेत. आणि डोकेदुखी अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र असेल, किंवा सोबत ताप, मान आखडणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं असं काही असेल, तर डायरी बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठावं.