चांगले नर्सिंग होम कसे ओळखावे?

लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आले की आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, बाळंतपणासाठी कुठले नर्सिंग होम चांगले?" तोवर त्यांनी वातानुकूलित खोली, लिफ्ट आणि बिलाचा अंदाज पाहून ठेवलेला असतो. माझे उत्तर मात्र एका जुन्या रात्रीपासून सुरू होते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता एका नर्सिंग होममधून बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा बाळ निळे पडून निपचित होते. अंबू बॅग तेथे होती; पण कपाटात, कुलूपबंद. किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरबरोबर घरी गेली होती. माझ्याजवळच्या बॅगने श्वास दिला. बाळ वाचले, परंतु पुढे कित्येक वर्षे ते आईच्या कडेवरूनच माझ्याकडे येत राहिले. चालायला ते कधी शिकले नाही.

शंभरातील पाच ते दहा नवजात बालकांना श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना कोरडे करणे, ऊब देणे, पाठ चोळणे एवढे पुरते. तरीही श्वास आला नाही, तर ६० सेकंदांच्या आत बॅग व मास्कने तो द्यावा लागतो. एवढ्या वेळात बाहेरचा कोणताही तज्ज्ञ पोहोचत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : रात्री लेबर रूममध्ये कोण असते, आणि तिला हे करता येते काय?

दुसरी कसोटी हातांची. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातील सुमारे अठरा माता दगावत होत्या. डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. बाळाला हात लावण्यापूर्वी डॉक्टर व सिस्टर हात धुतात की नाही, हे कोणताही नातेवाईक पाहू शकतो.

तिसरी कसोटी आपली मर्यादा ओळखण्याची. बाळ अत्यवस्थ झाल्यास कुठे, कोणाबरोबर आणि कोणत्या वाहनातून हलवणार, याचे उत्तर तयार असावे. आगीच्या वेळी बाळांना बाहेर कोण काढणार, हेही ठरलेले असावे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या नवजात कक्षातील आगीत दहा बालके गेली, हे विसरून चालणार नाही.

एनएबीएचचे मानांकन असल्यास उत्तमच. पण भिंतीवरील प्रमाणपत्र रात्री दोन वाजता बाळाला श्वास देत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना नम्र विनंती आहे. आज घरी जाण्यापूर्वी रात्रपाळीच्या सिस्टरला एवढेच विचारावे : अंबू बॅग कुठे आहे? त्या बॅगेचे कपाट उघडे असावे.