जड पाण्याचा हिशोब

घरोघरी ज्याला 'जड पाणी' म्हणतात त्याला शास्त्राच्या पुस्तकांत 'दुष्फेन पाणी' असे नाव आहे. शब्द जरा अवघड, पण तोच बरा. एक तर रसायनशास्त्रात जड पाणी म्हणजे काही अणुभट्ट्यांत वापरतात ते निराळेच पाणी. आणि दुसरे म्हणजे ज्याला फेस नीट येत नाही ते दुष्फेन, असा रोग नावातच सांगितलेला आहे. बेळगावात नळाला राकसकोप-हिडकलचे पाणी येते तोवर हा प्रश्न फारसा जाणवत नाही. बोअरच्या पाण्यावर भागवावे लागले की मात्र गीझरच्या कांबीवर पांढरी खपली धरते, डाळ शिजता शिजत नाही आणि न्हाऊनही केस चिकट राहतात. मग कोणीतरी यंत्र सुचवतो. यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांतले खरोखर उपयोगी कोणते, हे ओळखायला बी.एस्सी.चे रसायनशास्त्र पुरेसे आहे.

पावसाचे पाणी मूळचे सुफेन. जमिनीत मुरताना ते कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल बनते आणि खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. आपल्या पूर्वेला लोकापूर-बागलकोटकडे चुनखडीचे थर आहेत, तिथे तर ही सामग्री तयारच असते. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात असतील तर पाणी उकळल्यावर ते खाली बसतात. तो अस्थायी दुष्फेनपणा. सल्फेट किंवा क्लोराइड असतील तर कितीही उकळा, ते जात नाहीत.

नुकसान किती होते ते आकड्यांत पाहू. दुष्फेनपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला, तर एका लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम साबण फेस न येताच साका होऊन वाया जातो. १५ लिटरच्या बादलीला २७ ग्रॅम. म्हणजे तीन बादल्या पाण्याला फेस आणायचा म्हटले तर आधी एक अख्खी वडी गमवावी लागेल! भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. तेव्हा असे पाणी पिणे म्हणजे विषप्राशन नव्हे. त्रास आहे तो मुख्यतः साबण, भांडी आणि गीझर यांना.

आता विक्रेत्याकडे वळू. तो खिशातून पेनासारखा टी.डी.एस. मीटर काढतो आणि आकडा दाखवून यजमानांना घाबरवतो. हा मीटर पाण्यातील एकंदर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, दुष्फेनपणाचा नव्हे. पाण्यात निव्वळ खायचे मीठ असले तरी आकडा मोठा येईल, पण दुष्फेनपणा शून्य! काही जण तर याच्याही पुढे जाऊन दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवतात. बोअरचे पाणी तपकिरी होते, त्यांच्या यंत्राचे स्वच्छ राहते. यजमान गार! वास्तविक तो रंग कांडीतले लोखंड झिजून येतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, क्षार काढलेल्यातून फारशी वाहत नाही, एवढेच त्यातले गूढ. नळीला बांधायच्या चुंबकाबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्याने पाण्यातला कॅल्शियम कमी होत नाही. पॉलिफॉस्फेटच्या खड्यांनी खपली धरणे लांबते, साबणाचे दुखणे उरतेच.

घरभराच्या पाण्यातला दुष्फेनपणा खरोखर काढायचा तर आयन-विनिमय. मातीला हा गुण आहे हे १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमसन आणि वे यांनी दाखवले. १९३५ मध्ये तिथेच ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम राळ बनवली. राळेचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने धुवायचे, की पुन्हा ताजे. या पाण्याचा टी.डी.एस. घटत नाही, उलट किंचित वाढतो. मीटरवर विसंबणाऱ्याला त्यामुळे चांगले यंत्रही नापास वाटेल.

म्हणून आधी आपले पाणी मोजावे. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत आणा, ५० मिलिलिटर घ्या, बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घालून ०.०१ मोलर ई.डी.टी.ए.ने अनुमापन करा. लालसर रंग निळा होईपर्यंत १५ मिलिलिटर लागले तर दुष्फेनपणा ३००. परीक्षेसाठी हे सारेच करतात, घरच्या पाण्यावर क्वचितच कोणी.

पुढचा हिशोब राळेचा. आंघोळ-धुण्याला रोज ५०० लिटर लागत असेल तर ३०० च्या हिशोबाने रोज १५० ग्रॅम दुष्फेनपणा काढायचा. राळ लिटरला व्यवहारात ५० ग्रॅम धरते असे मानले तर २५ लिटर राळ आठेक दिवस चालेल, आणि दर धुण्याला सुमारे ३ किलो मीठ लागेल. तेव्हा विक्रेत्याला यंत्राची उंची, रंग न विचारता राळ किती लिटर आणि मीठ किती किलो, हे विचारावे. उत्तर देता आले नाही तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. बोअरला तांबूस पाणी येत असेल तर लोह काढणारी गाळणी आधी हवी, नाहीतर राळ लवकर निकामी होते. मीठही स्वच्छ घ्यावे. मिठागराच्या जाड्या मिठात माती आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात.

राळेचे पाणी स्वयंपाकघरात मात्र नेऊ नये. ३०० चा दुष्फेनपणा काढताना लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते, आणि रक्तदाबाच्या रोग्याला ते नको असते. पिण्यासाठी वेगळा नळ ठेवावा. राळ धुतलेले खारे पाणी गटारातच जाऊ द्यावे. परसातल्या नारळाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडले तर माती खारवते आणि विहिरीचे पाणीही बिघडते.