गोदामाईचा गाळ आणि हिमालयापलीकडचे पाहुणे

धरणात गाळ भरला की मोठी माणसं हळहळतात, पोरांनो, आणि ते बरोबरच आहे. पण निफाड तालुक्यातल्या एका बंधाऱ्यात गाळाने काय करून ठेवलं, ते ऐका.

नाशिक जिल्ह्यात गोदावरीला कादवा येऊन मिळते, त्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वर आहे. इंग्रजांच्या काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, तिथे कालव्यांसाठी दगडी बंधारा घातला. दर पावसाळ्यात नद्या माती घेऊन यायच्या, पाणी थबकलं की ती तळाशी बसायची. बसता बसता बेटं वर आली. पाणी कुठे गुडघाभर राहिलं, कुठे घोटाभर. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून पाणवनस्पती माजल्या. त्यांच्या आसऱ्याला किडे, गोगलगायी, मासोळ्या आल्या. आणि मग पाखरं आली.

इतकी पाखरं एका पाण्यात भांडत कशी नाहीत? थोडी भांडतातही. पण त्यांच्या चोची बघा. चमचा पक्षी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो; मासोळी चोचीला लागली की चोच मिटलीच. गढूळ पाण्यात डोळे कशाला हवेत! मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मधे फट राहते. त्याचा आवडता खाऊ म्हणजे गोगलगाय. थापट्या बदकाच्या रुंद चोचीच्या कडांना बारीक दात्यांची रांग असते. पाणी बाहेर जातं, अन्न आत उरतं, आपल्या घरच्या गाळणीसारखं. ज्याची चोच वेगळी, त्याचं ताटही वेगळं.

पण माझा लाडका पाहुणा म्हणजे पट्टकदंब. राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हा उन्हाळ्यात मंगोलिया-तिबेटकडच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. पाठीवर छोटी यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला, तेव्हा एक हंस ७,२९० मीटर उंचीवर सापडला. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो. आपण तिथे चार पावलं टाकली तरी धापा टाकू, आणि हा पंख मारत जातो!

त्याला हे जमतं कसं? पहिली गोष्ट सगळ्याच पक्ष्यांची: त्यांच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. हवेच्या पिशव्यांमुळे श्वास सोडतानाही ताजी हवा फुफ्फुसातून जात राहते. आपल्या छातीत ती आल्या वाटेनेच परत फिरते. दुसरी गोष्ट खास याची: याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायूही घट्ट धरून ठेवतं. आणि तिसरी मला सगळ्यांत आवडते. हा उगाच उंच राहत नाही. दरी आली की खाली उतरतो, डोंगर आला की पुन्हा चढतो. एवढी चढउतार कशाला? कारण विरळ हवेत पंखांना टेकू कमी मिळतो आणि प्रत्येक फडफड महाग पडते. चढण्याचे कष्ट परवडतात, सतत उंच राहणं परवडत नाही.

असा प्रवास करून आलेला हंस निफाडच्या शेतांत कोवळं पीक खुडताना दिसला, तर त्याच्यावर रागावणं मला तरी जमत नाही.

२०२० साली हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारानुसार पाणथळ जागांना हा मान मिळतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीत, अगदी पहाटे जा. मळकट रंगाचे कपडे घाला, दुर्बीण घ्या, पक्षी बघायच्या मनोऱ्यावर हळू बोला. आणि छान फोटोसाठी थवा उठवू नका. परतीच्या वाटेवर हिमालय पुन्हा ओलांडायचा असतो, त्यासाठी अंगात साठवलेली चरबी प्रत्येक उगाच उडण्यात खर्च होते.