आधी घड्याळ, मग मेमो

दक्षिण आफ्रिकेत बारावीच्या परीक्षेला मॅट्रिक म्हणतात. लेखी पेपर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, निकाल जानेवारीत. दोन भाषा सक्तीच्या असतात. डर्बन किंवा जोहान्सबर्गच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलांची दुसरी भाषा बहुधा आफ्रिकान्स. केपटाउनमध्ये तर रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून शंभरेक वर्षांपूर्वी गेलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतल्या पतवंडांपुढेही हाच पेपर येतो. हीच भाषा माध्यम म्हणून लादली गेली तेव्हा, जून १९७६ मध्ये, सोवेटोची मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. त्या आठवणीचं ओझं काही घरांत अजून आहे. अभ्यास शेवटपर्यंत ढकलला जातो त्यामागे कंटाळ्याइतकंच तेही असावं.

आपल्याकडे ‘एकवीस अपेक्षित’ तशा तिकडे जुन्या प्रश्नपत्रिका, आणि त्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मेमोसकट, म्हणजे उत्तरसूचीसकट, फुकट मिळतात. सध्याच्या अभ्यासक्रमावरची पहिली परीक्षा २०१४ ची, म्हणून तिथून पुढचेच पेपर घ्यावेत. मातृभाषेचा पेपर आणि ‘पहिल्या अतिरिक्त’, म्हणजे या दुसऱ्या, भाषेचा पेपर वेगळे, तेव्हा वरचं पान नीट वाचावं. काही खासगी शाळांची परीक्षा आयईबी हे निराळं मंडळ घेतं, त्याचे पेपरही निराळे.

खरी कमाई पहिल्या पेपरात. दोन तास, ८० गुण: उताऱ्यावर ३०, सारांशाला १०, व्याकरणाला ४०. म्हणजे निम्मे गुण व्याकरणाचे, आणि तिथे प्रश्नांचे साचे दरवर्षी फिरून येतात: कर्मणी प्रयोग करा, अप्रत्यक्ष कथन करा, नकारार्थी करा. ‘त्याने पुस्तक वाचलं नाही’ हे आफ्रिकान्समध्ये ‘हेय हेट नी दी बुक खलीस नी’ असं होतं. ‘नी’ म्हणजे नाही, आणि तो दोनदा येतो. इंग्रजीत विचार करणारं मूल शेवटचा ‘नी’ हमखास विसरतं. नियम त्याला तोंडपाठ असतो, पण घाईत हात पुढे निघून जातो. पाच-सहा वर्षांचे पेपर हाताने लिहून काढले की हाताला ती सवय लागते. नुसतं वाचून ती लागत नाही.

मेमो शेजारी उघडा ठेवून पेपर सोडवणं मात्र वेळेची नासाडी आहे. आधी घड्याळ लावून पूर्ण लिहावं, मग परीक्षकाच्या नजरेने मेमो वाचावा. एकच शब्द उद्धृत करायला सांगितला असताना अख्खं वाक्य उतरवलं तर गुण कसा जातो, ‘बरोबर की चूक’ या प्रश्नात नुसतं ‘बरोबर’ लिहून काही हाती का लागत नाही, हे मेमोतूनच कळतं. सारांशात सात मुद्द्यांना सात आणि भाषेला तीन गुण. उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलली की भाषेचे गुण कमी होत जातात. मुलांचे सर्वांत स्वस्तात गेलेले गुण हेच, आणि ते परत मिळवणं पूर्णपणे त्यांच्या हातात आहे.

साहित्याच्या दुसऱ्या पेपराला हा उपाय अर्धाच लागू पडतो. नेमलेली पुस्तकं बदलतात, म्हणून जुना पेपर उघडण्याआधी त्यातली कादंबरी, नाटक, कविता आपल्याच आहेत ना हे पाहावं. तिसरा पेपर लेखनाचा, १०० गुणांचा: निबंधाला ५०, मोठ्या व्यावहारिक लेखनाला ३०, छोट्याला २०. तयार निबंध पाठ करून इथे निभावत नाही, कारण विषय बदलतो. पत्र, संवाद, निमंत्रण यांचे आराखडे मात्र बदलत नाहीत, ते पक्के करावेत. निबंध लिहून शिक्षकांकडूनच तपासून घ्यावा.

अलीकडच्या दोन वर्षांचे पेपर मात्र आधी उघडूच नयेत. शाळेची पूर्वपरीक्षा सप्टेंबरच्या सुमारास संपते. त्यानंतर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत एक असे ते सोडवावेत.